पश्चिमेचं स्वयंपाकघर, एकोणीस काकड्या आणि उन्हाळा

सांजसावली

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमचं स्वयंपाकघर पश्चिमेला आहे. दुपारी तीननंतर ओटासुद्धा तापतो. कणीक मळताना कपाळावरचं पाणी परातीत पडू नये म्हणून मान वाकडी करून मळावं लागतं. म्हणून यंदा ठरवलंय, जे काही शिजवायचं ते सकाळी आठच्या आत. नंतर फक्त चिरणं, ठेचणं, कालवणं.

आता परसातली परिस्थिती. काकडीचे तीन वेल लावले होते, त्यातले दोन तरी मरतील असा हिशेब होता. तिन्ही जगले. आज टोपलीत मोजून एकोणीस काकड्या आहेत आणि घरात माणसं तीन. त्यातही मधूनच एखादी कडू निघते. कोथिंबीर हातभर व्हायच्या आधीच फुलावर गेली. टोमॅटोची झाडं माझ्या खांद्याला लागलीत, फुलं येतात आणि गळून पडतात. भेंडी दोन दिवस विसरली की लाकूड. पुदिन्याचं तर बोलायलाच नको, तो वाफा सोडून पायवाटेवर आलाय.

कोशिंबीर करून करून घरचे ताटाकडे बघून "आज पण?" एवढंच विचारतात. काय करू या सगळ्याचं? पुस्तकी पाककृती नकोत. तुम्ही खरंच घरी काय करता ते सांगा.

आळशी अजगर

सोपं आहे. अंधार पडला की शेजाऱ्यांच्या दारात चार-चार ठेवायच्या, बेल वाजवायची आणि पळायचं.

पातेलंभर

पहिल्या धाग्याचं स्वागत!

काकडी किसायची बंद करा बघू. किसली की सगळं पाणी सुटतं, दही पातळ होतं आणि रोज तेच खातोय असं वाटतं. मी सालासकट लाटण्याने ठेचते. अख्ख्या काकडीवर लाटण्याचा एक दणका, ती उभी फुटते, मग हातानेच वेडेवाकडे तुकडे मोडायचे. सुरीने कापलेली फोड गुळगुळीत असते, तिच्यावर काही टिकत नाही. फुटलेल्या कडा खरबरीत असतात, त्यात लिंबू, लसूण, मिरची सगळं अडकून बसतं. मीठ लावून पंधरा मिनिटं चाळणीत ठेवा. खाली जमलेलं पाणी ओतू नका, ताकात घाला. मग लसूण बारीक चिरून, लिंबू, जाडसर कुटलेले तीळ, हिरवी मिरची. फ्रिजमध्ये अर्धा तास.

दुसरं म्हणजे काकडी शिजते हो! ती भोपळ्याच्याच कुळातली आहे हे आपण विसरतो. बिया काढून जाड फोडी, कडकडीत तव्यावर तेल, मोहरी, दोन मिनिटं, उतरवा. तिसऱ्या मिनिटाला मात्र गिळगिळीत होते. तुमच्या सकाळी आठच्या आत सहज बसेल.

झारीतलं पाणी

पाककृती होत राहतील. मला आधी हे सांगा, तुम्ही भाजी तोडता कधी आणि पाणी घालता कधी?

सांजसावली

पातेलंभरताई, ठेचलेली उद्याच करते.

झारीकाका (काका म्हटलं तर चालेल ना?), तोडते संध्याकाळी, ऑफिसातून आल्यावर. पाणी आठवण येईल तेव्हा, बहुतेक एकाआड एक दिवस भरपूर.

झारीतलं पाणी

काकाच म्हणा, आजोबा म्हणायला सुरुवात झालीय आजूबाजूला.

निम्म्या तक्रारी इथेच आहेत. दिवसभर उन्हात झाड पाणी गमावत असतं. संध्याकाळी पाचला तोडलेली काकडी आधीच अर्धी दमलेली असते, तिला तुम्ही फ्रिजमध्ये टाकून तरतरी आणू बघता. रात्रभरात झाड पाणी परत भरून घेतं. उजाडता उजाडता, ऊन पानावर यायच्या आत तोडा. पालेभाजी, काकडी, भेंडी, पुदिना, सगळं. तुम्ही नाहीतरी सकाळी गॅस पेटवता, तर आधी वीस मिनिटं परसात जा आणि मग ठरवा काय शिजवायचं. उलट करू नका.

आणि एक दिवस ओलं एक दिवस कोरडं हे उन्हाळ्यात काकडीला मानवत नाही. उष्णता आणि पाण्याची ओढाताण झाली की काकडी कडू होते. रोज थोडं, मुळाशी, वर पाचोळ्याचं जाड आच्छादन. जे वेलावर आत्ता आहे ते लगेच सुधारणार नाही, पुढची फळं बघा.

मुळासकट

कडू काकडीला एवढं काय? देठाकडचा तुकडा कापायचा आणि त्यानेच गोल गोल घासायचं, फेस येतो, कडूपणा निघून जातो. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या हेच करतात.

बीजगणित

फेस येतो हे खरं, कडूपणा त्यातून निघतो हे मी मानत नाही. तो कुकुरबिटासिन नावाच्या द्रव्यांमुळे असतो आणि ती देठाकडे आणि सालीलगत जास्त असतात. म्हणजे तुम्ही देठाचा कडू भाग कापून टाकता तिथेच काम झालेलं असतं, घासणं हा वरचा कार्यक्रम. एकाच वेलाच्या चार काकड्या घेऊन दोन घासून, दोन नुसत्या कापून डोळे मिटून चाखून बघा. मला फरक कळला नाही.

पण एक गोष्ट गमतीत घेऊ नका. सांजसावली, कुंपणावर दुधी वगैरे आहे का? दुधी, दोडका, भोपळा यांतलं काहीही कडू लागलं तर थुंकायचं आणि अख्खं फळ टाकायचं. हीच द्रव्यं त्यात फार जास्त असू शकतात. शिजवून ती जात नाहीत. कडू दुधीचा रस पिऊन लोकांना रक्ताच्या उलट्या झाल्यात, मृत्यूही झालेत. "पोटाला चांगलं असतं" म्हणून नाक दाबून पिऊ नये. दुधी चिरला की कच्चा कण जिभेवर ठेवायची सवय लावा.

मुळासकट

चाखून बघितलं. दोन दोन काकड्या. बायकोला डोळे मिटायला लावले. ती म्हणाली चारही सारख्याच आहेत आणि मला दुसरं काही काम नाही का. तरी मी घासणार. सवय आहे.

आळशी अजगर

घासा हो. फेस बघायला मजा येते.

वाळवणवेडी

उरलेल्या काकड्यांचं मी सांगते. मिठाच्या पाण्यात आंबवा. बोटाएवढ्या, कोवळ्या, घट्ट घ्यायच्या, थोराड नकोत. एक लिटर पाण्याला साधारण ४० ते ५० ग्रॅम मीठ, म्हणजे वजनाने चार-पाच टक्के. लसूण, मिरे, मोहरी, असतील तर द्राक्षाच्या वेलाची एक-दोन पानं. काकड्या पाण्याखाली बुडलेल्या राहायला हव्यात, वर छोटी वाटी दाबून ठेवा. पाणी गढूळ होतं, बुडबुडे येतात, घाबरू नका. वर केसाळ, रंगीत बुरशी दिसली किंवा घाण वास आला तर मात्र मोह न करता फेकायचं.

उन्हाळ्यातली अडचण अशी की हे भरभर आंबतं आणि २५ अंशांच्या वर काकडी मऊ पडायला लागते. माझी पहिली बरणी अक्षरशः चमच्याने वाढावी लागली. तेव्हा घरातला सर्वात थंड कोपरा, तिसऱ्या दिवसापासून रोज चाखणं, आंबट झाली की थेट फ्रिज.

आणि फुलाकडचं टोक पातळ चकती काढून टाका. तिथे राहिलेल्या फुलातल्या विकरांमुळे काकडी मऊ होते. म्हणजे देठाकडचं टोक कडूपणासाठी उडवायचं, फुलाकडचं करकरीतपणासाठी.

सांजसावली

हे लिहून फ्रिजवर चिकटवलंय. आज पहाटे काकांचं ऐकून सहाला परसात गेले. भेंड्यांवर दव होतं, तशाच आणून चिरल्या. भाजीची खीर झाली.

पातेलंभर

अगं! भेंडी ओली चिरायची नसते. तोडून आणली की पंचावर पसरून ठेव, पूर्ण कोरडी झाली की मग सुरी. चिकट असतं ते पाण्यातच सुटतं. कढई भरभरून घालायची नाही, झाकण नाही, मीठ शेवटी, आणि लिंबू, आमचूर, चिंच काहीतरी आंबट.

लाकूड झालेल्यांचं टोक मोडून बघ. कट्‌ आवाज करून मोडलं तर भाजी. नुसतं वाकलं तर साल शिजणारच नाही. पण ती सोलून आतले पांढरे, कोवळे दाणे काढ, मटारासारखे लसूण-जिऱ्यावर परत. आमच्याकडे मुलं भेंडी खात नाहीत आणि हे "मोती" खातात. मीही अजून खुलासा केलेला नाही.

बीजगणित

टोमॅटोचं राहिलं. दिवसा ३२-३५ अंशांच्या वर आणि रात्रीही २४ च्या खाली उतरत नसेल, तर परागकण नीट काम करत नाहीत आणि फुलं गळतात. झाडाला खत घालून काही होणार नाही, उलट पानंच वाढतील. दुपारची सावली द्या, वाट बघा. हवा उतरली की धरेल.

ज्यांना लागलेत त्यांच्यासाठी: लाल रंगाचं लायकोपीन ३० अंशांच्या वर नीट तयार होत नाही. म्हणून भर उन्हातले टोमॅटो देठाशी पिवळे राहतात आणि आपण लाल व्हायची वाट बघत त्यांना झाडावर उकडवतो. रंग पालटायला सुरुवात झाली की तोडा आणि घरात सावलीत पिकवा, चवीत फारसं कमी येत नाही. पिकलेला फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका. २०१६ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की आठवडाभर ५ अंशांत ठेवल्यावर सुगंधी द्रव्यं तयार करणाऱ्या जनुकांचं काम मंदावतं आणि बाहेर काढल्यावरही चव पूर्ण परत येत नाही.

सांजसावली

म्हणजे माझे टोमॅटो आळशी नाहीत, त्यांना उकडतंय. माझ्यासारखंच.

चुलीपाशी

धागा छान चाललाय, पण मघापासून एक गोष्ट टोचतेय. तुम्ही सकाळी आठला शिजवून ठेवता आणि संध्याकाळी जेवता? मधले बारा तास ते अन्न असतं कुठे?

सांजसावली

ओट्यावर, झाकून. पोळ्या डब्यात, भात आणि वरण पातेल्यात. संध्याकाळी गरम करते. आई तर असंच करायची.

चुलीपाशी

मी हॉटेलच्या स्वयंपाकघरात बरीच वर्षं काढलीत, म्हणून स्पष्ट लिहितो, राग मानू नका. साधारण ५ ते ६० अंश या पट्ट्यात जिवाणू भराभर वाढतात. शिजवलेलं अन्न त्या पट्ट्यात दोन तासांहून जास्त राहू नये, आणि हवाच ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. तुमचा ओटा दुपारी तापतो म्हणता, म्हणजे ते पातेलं नाही, ऊबपेटी आहे.

भाताचं विशेष. तांदळातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात आणि विष तयार करतात. ते विष उकळूनही जात नाही. त्यामुळे "संध्याकाळी चांगला खळखळून गरम केला" याला अर्थ उरत नाही.

करायचं एवढंच: भात परातीत पातळ पसरा, वाफ गेली की उथळ डब्यात, तासाच्या आत फ्रिजमध्ये. वरणाचं पातेलं थंड पाण्याच्या परातीत ठेवून ढवळा, दहा-पंधरा मिनिटांत कोमट होतं. खोल पातेलं तसंच फ्रिजमध्ये ढकललं तर मध्यभाग कितीतरी तास गरमच राहतो.

सांजसावली

खरं सांगू, वाचून आधी थोडा रागच आला. मग आठवलं, मागच्या आठवड्यात तिघांचीही पोटं बिघडली होती आणि आम्ही काकडीला नावं ठेवत होतो.

आजपासून परात.

झारीतलं पाणी

बिचारी काकडी.

वाळवणवेडी

चुलीपाशी यांना +१. त्याच जातीचं अजून एक: लसूण, बेसिल, मिरची तेलात बुडवून सुंदर बाटली खिडकीत ठेवतात ना, ते करू नका. तेलाखाली हवा नसते, ओल्या पाल्यात आणि लसणीत पाणी असतं, घातक जिवाणूला अगदी हवं तसं घर. ताजं करून त्या दिवशी संपवा किंवा बर्फाच्या साच्यात घालून गोठवा. पुदिन्याचं मी हेच करते. वाटून, लिंबू पिळून, साच्यात. ताकात एक खडा टाकला की झालं.

बेसिल मात्र फ्रिजमध्ये काळं पडतं, त्याला थंडी सोसत नाही. फुलांसारखं पाण्याच्या ग्लासात ओट्यावर ठेवा. (तापलेल्या ओट्यावर नको.)

मुळासकट

फुलावर गेलेल्या कोथिंबिरीचं कोणीच बोललं नाही. उपटू नका! तिला लांब दिवस आणि उष्णता लागली की ती बी धरायला धावते, कितीही खुडा, थांबत नाही. मग धरू द्या. पांढरी फुलं कोशिंबिरीवर टाका. त्यानंतर हिरवे गोल दाणे येतात, वाळायच्या आधीचे. ते धणेही नाहीत आणि कोथिंबीरही नाही, मधलंच काहीतरी, थोडं संत्र्याच्या सालीसारखं. खलबत्त्यात मीठ आणि हिरवी मिरची घालून ठेचा, दह्यात मिसळा. हे दाणे फार तर दोन आठवडे मिळतात. दुकानात मी कधीच बघितलेले नाहीत. ज्याच्याकडे झाड त्याचीच चैन.

पातेलंभर

हे मला माहीत नव्हतं! मी दरवर्षी चिडून उपटून खतात टाकते. किती वर्षांचे दाणे वाया घालवले.

आळशी अजगर

मी काहीच लावत नाही, त्यामुळे माझं काहीच वाया जात नाही. पण कुंड्यांत आपोआप जाड पानांचं, लालसर देठाचं काहीतरी जमिनीलगत पसरलंय. कोणी म्हणतं खातात. खातात का?

झारीतलं पाणी

घोळ असणार. खातात आणि उन्हाळ्यात तिच्यासारखी भाजी नाही. बाकी सगळं माना टाकतं तेव्हा ही टवटवीत असते. पण देठ मोडून बघा. पांढरा चीक आला तर ती घोळ नाही, दुसरंच, त्याला तोंड लावू नका. घोळीचा देठ मांसल, गुळगुळीत असतो, मोडला की स्वच्छ पाणी. ओळख पटली नाही तर सोडून द्या.

गंमत अशी की सकाळची घोळ आणि संध्याकाळची घोळ यांची चव वेगळी असते. कडक उन्हात पाण्याची ओढ असली की ती दिवसा रंध्रं मिटून घेते आणि रात्री हवा आत घेऊन मॅलिक आम्ल साठवते, हिरव्या सफरचंदात असतं तेच. दिवसभर ऊन मिळालं की ते वापरून टाकते. म्हणून पहाटे चांगली आंबट, संध्याकाळी सौम्य. दह्यात कच्ची घालायची असेल तर संध्याकाळची, डाळीत घालायची तर सकाळची, चिंच वाचते.

बीजगणित

काकांच्या माहितीला एक पुस्ती. घोळीत ऑक्झलेट बरंच असतं. मूतखड्याचा त्रास असेल त्यांनी बेताने. दह्यासोबत खाल्ली तर त्यातला काही भाग पोटातच दह्यातल्या कॅल्शियमला चिकटतो आणि शरीरात कमी शोषला जातो.

चुलीपाशी

गॅसचं एक सांगून जातो. आठच्या आत आटपायचं तर झाकण. उघड्या पातेल्यातून एक लिटर पाणी उडालं की सुमारे २२५७ किलोज्यूल उष्णता गॅसमधून वाया जाते, आणि ती वाफ तुमच्याच स्वयंपाकघरात बसते, घाम वाळू देत नाही. कडधान्यं रात्री भिजवा, सकाळी कुकर. फक्त भेंडी आणि तव्यावरची काकडी उघडी.

सांजसावली

आठवड्याने परत आले.

पहाटे साडेपाचला उठते आता. आधी परस, मग गॅस. भात परातीत, वरण पाण्यात, पावणेआठला ओटा पुसलेला. ठेचलेल्या काकडीला घरात "दणका" असं नाव पडलंय आणि तो मागून घेतला जातो. बरणीतल्या काकड्या चौथ्या दिवशी आंबट झाल्या, करकरीत आहेत. रोज पाणी घालायला लागल्यापासून वेलावर नवी फळं आलीत, ती अजून चाखायची आहेत.

घोळ आमच्याकडेही निघाली, टोमॅटोच्या बुंध्याशी. इतके दिवस तण म्हणून उपटत होते. देठ मोडला, चीक नाही. काल संध्याकाळी एक मूठ तोडून ठेवली, आज पहाटे दुसरी. दोन वाट्या शेजारी शेजारी, घरच्यांना सांगितलं नाही कोणती कधीची. लेकीने पहाटेची तोंडात टाकली आणि एक डोळा मिटला. मग म्हणाली, हीच दे, दुसरी बाबाला.

अजगर, तुमच्या कुंडीत काय निघालं?

आळशी अजगर

पांढरा चीक. नशीब.

काकड्या उरल्या असतील तर दारात ठेवून बेल वाजवा. मी पळणार नाही.